डच आडनावं

रेम्ब्रांट हा जगप्रसिद्ध चित्रकार. त्याचं पूर्ण नाव रेम्ब्रांट हार्मेन्सझोन फान राइन. हार्मेनचा मुलगा, ऱ्हाइनकाठचा. 1606 साली लायडन शहरात तो जन्मला, तेव्हा तिथेच ऱ्हाइनच्या काठी त्याच्या वडिलांची पवनचक्की होती. बापाचं नाव, घराण्याचा ठावठिकाणा, सगळं एका नावात आलं!

बापाच्या नावाने मुलाला ओळखायची ही रीत नेदरलँड्समध्ये शतकानुशतकं चालली. त्यातली अडचण अशी, की दर पिढीत नाव बदलायचं. यानचा मुलगा यान्सेन, पण नातू वेगळाच. 1810 मध्ये नेपोलियनने हा देश आपल्या साम्राज्याला जोडला आणि 1811 च्या ऑगस्टमध्ये फर्मान काढलं: ज्याला कायमचं आडनाव नाही, त्याने ते नोंदवावं. बहुतेकांकडे आडनाव आधीपासून होतंच. खरी धावपळ उडाली ती फ्रीसलँडसारख्या उत्तरेकडच्या प्रांतांत. तिथली ‘स्ट्रा’ने संपणारी आडनावं थेट जमिनीशी नातं सांगतात. डाइकस्ट्रा म्हणजे बांधाकाठचा.

लोकांनी नेपोलियनची खोडी काढायला ‘नाक्तखेबोरन’, म्हणजे ‘नागडा जन्मलेला’, असं आडनाव घेतल्याची गोष्ट आजही रंगवून सांगतात. ती मला मुळीच पटत नाही. हे आडनाव त्या फर्मानाहून जुनं आहे. बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलाला जर्मन भाषेत जो शब्द आहे, त्याचाच हा अपभ्रंश असावा. ज्यावर लोक हसतात, त्यामागे एका पोरक्या बाळाची कहाणी आहे.