पाच अक्ष आणि एक क्लॅम्प

कवितेच्या माणसाला यंत्राविषयी बोलायला बोलावलं, याचं तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटलं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, गणित दहावीला सुटलं ते सुटलंच. पण आमच्या घरची चूल लेथवर पेटली. अब्बा कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते. सदऱ्याला तेलाचा वास आणि खिशात व्हर्निअर. आज माझा पुतण्या त्याच धंद्यात आहे, पण त्याच्या हाताला तेल लागत नाही. तो कॉम्प्युटरसमोर बसून पाच अक्षांच्या मशिनचे प्रोग्राम करतो.

पाच अक्ष म्हणजे काय, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "चाचा, पेरू घ्या आणि सुरीनं सोला." सुरी डावीकडे-उजवीकडे जाते, पुढे-मागे जाते, वर-खाली जाते. हे झाले तीन अक्ष. पण पलीकडची बाजू सोलायची तर पेरू फिरवावा लागतो, थोडा कलवावा लागतो. ते आणखी दोन. पंपातल्या किंवा टर्बोचार्जरमधल्या इम्पेलरची पाती पिळदार असतात; त्यांच्या फटीत सरळ टूल शिरत नाही. शिवाय जॉब सोडून पुन्हा बांधला की दर वेळी थोडी चूक शिरते. पाच अक्षांत बरंचसं काम एकाच बांधणीत होतं.

या विद्येचा उगमही एका वळणदार वस्तूतच आहे. अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम करत. आकार आकड्यांत मांडून ते आकडे यंत्राला द्यावेत, या त्यांच्या कल्पनेतून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९५२ साली आकड्यांवर चालणारं मिलिंग मशिन उभं राहिलं. १९५९ साली तिथूनच 'एपीटी' ही यंत्राशी बोलायची भाषा जाहीर झाली. आजचं 'कॅम' सॉफ्टवेअर तिचंच वंशज. ते चित्रावरून टूलचा मार्ग ठरवतं. मग 'पोस्ट प्रोसेसर' नावाचा दुभाषी तो मार्ग त्या-त्या मशिनच्या बोलीत उतरवतो. दुभाषी कच्चा असेल तर मशिन भलतीकडेच वळतं. हे मला लगेच पटलं. भाषांतराची झळ मीही सोसली आहे.

गेल्या काही वर्षांत या सॉफ्टवेअरमध्ये बरंच नवं आलं. एक उदाहरण सांगतो. वळणदार पृष्ठभाग गोल टोकाच्या टूलनं घासला की दोन फेऱ्यांमध्ये बारीक उंचवटा राहतो. तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकाच ठेवायचा, तर पाच मिलिमीटर त्रिज्येच्या टूलला दोन फेऱ्यांत साधारण ०.६३ मिलिमीटरच अंतर ठेवता येतं. आता पिंपासारख्या फुगीर कडेची टूल निघाली आहेत. कडेची त्रिज्या २५० मिलिमीटर असेल, तर तेच अंतर जवळजवळ साडेचार मिलिमीटर होतं. जिथे दीडशेच्या वर फेऱ्या, तिथे तेवीस-चोवीस! पण असं टूल पृष्ठभागाला नेमक्या कोनात टेकवावं लागतं. तो हिशेब माणसानं हातानं करायचा म्हणजे जन्म जायचा. सॉफ्टवेअर तो करतं.

दुसरी सोय ओबडधोबड कापणीची. पूर्वी टूल कोपऱ्यात शिरलं की त्याच्यावर एकदम भार येई आणि ते मोडे. आता सॉफ्टवेअर असा वळसे घेत जाणारा मार्ग काढतं, की टूलवरचा भार सगळीकडे जवळपास सारखा राहतो. टूलचा दांडा भिंतीला लागणार असेल तर ते टूल आपणहून कलवतं. आणि प्रत्यक्ष कापण्याआधी सगळं मशिन पडद्यावर चालवून दाखवतं. कुठे टक्कर असेल तर लाल होतं.

हे सगळं ऐकून मी खूष होतो. मग एका रात्री पुतण्याचा फोन आला. आवाज बसलेला. पडद्यावर एकही लाल ठिपका नव्हता, आणि मशिनवर टूलहोल्डर क्लॅम्पवर आदळला होता. स्पिंडलचं बेअरिंग गेलं, लाखोंचा खर्च. चौकशीत निघालं, की जॉब थरथरतोय हे आवाजावरून ओळखून पाळीवरच्या जुन्या ऑपरेटरनं एक जादा क्लॅम्प लावला होता. पडद्यावरच्या चित्रात तो नव्हताच. मालक ऑपरेटरला घरी पाठवायला निघाले. त्या मामांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती.

पुतण्या मला म्हणाला, "चाचा, मी गप्प बसलो तर माझी नोकरी टिकते." मी काय सांगणार? मी त्याला अब्बांची एक सवय सांगितली. लेथ सुरू करण्याआधी अब्बा चक एकदा हातानं पूर्ण फिरवत. कुठे अडकतंय का, ते बघत. तीस वर्षांत एकदाही चुकवलं नाही. पडद्यावरचं मशिन फिरवणं म्हणजे तेच, फक्त अब्बा खरा चक फिरवत आणि पडदा काढलेला चक फिरवतो. जे काढलं नाही, ते पडद्याला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी तो मालकांपुढे उभा राहिला. म्हणाला, "मामांनी क्लॅम्प लावला तो बरोबर होता. जॉब नीट धरलेला नव्हता, आणि मी वर बसून राहिलो, खाली येऊन बघितलं नाही." त्याच्या पगारातून काही महिने रक्कम कापली गेली. मामा राहिले. आता नवा जॉब आला की मामा आधी कॉम्प्युटरपाशी बसतात; कुठे धरायचं ते सांगतात, पुतण्या ते चित्रात घालतो. मग तो खाली जातो आणि मशिनभोवती एक फेरी मारतो.

हल्ली चित्र दिलं की टूल आणि कापण्याची पद्धत सुचवणारी कृत्रिम बुद्धीही या सॉफ्टवेअरमध्ये येऊ लागली आहे. येऊ द्या. अब्बा असते तर त्यांनी कौतुकानं बघितलं असतं. पण थरथरणाऱ्या जॉबचा आवाज ज्याच्या कानाला कळतो, त्या माणसाला विचारायचं कुणी, हा प्रश्न सॉफ्टवेअर सोडवत नाही. तो आपल्यालाच सोडवायचा आहे.

परवा मामा निवृत्त झाले. निरोपाला मी गेलो होतो. जाताना त्यांनी पुतण्याच्या हातात आपला जुना व्हर्निअर ठेवला. पुतण्याच्या बोटांना तेल लागलं. त्यानं ते पुसलं नाही.