यादीत कोण, यादीबाहेर कोण?



विषय जाहीर झाला तेव्हा चिटणिसांनी आम्हांला हळूच विचारले, "बेसबॉल म्हणजे तो अमेरिकेतला खेळ ना? आमच्या श्रोत्यांचा त्याच्याशी काय संबंध?" शंका रास्त होती. इथे जमलेल्यांपैकी बहुतेकांनी बेसबॉलचा सामना पाहिलेला नसेल. परंतु माणसे निवडणे आणि माणसे वगळणे हा उद्योग आपल्यापैकी पुष्कळांच्या वाट्याला आलेला आहे. कोणी शाळेच्या समितीवर आहे, कोणी पेढीवर, कोणी नाटकमंडळीत. त्या उद्योगाचे इतके उघडे, इतके हिशेबी दर्शन बेसबॉलखेरीज दुसरीकडे क्वचितच घडते. म्हणून हा विषय.

शिवाय एक योगायोग आहे. आपल्याकडे वसंत ऋतू आला की व्याख्यानमाला सुरू होतात, आणि अमेरिकेत त्याच सुमारास बेसबॉलचे संघ फ्लॉरिडा आणि अॅरिझोना या उबदार प्रांतांत सरावासाठी उतरतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत हा सराव चालतो. एकेका संघाच्या शिबिरात साठ-साठ खेळाडू असतात. हंगामाच्या पहिल्या दिवशी मात्र यादीत २६ नावे राहतात. २०१९ पर्यंत ती २५ होती. उरलेल्यांना व्यवस्थापक एकेक करून खोलीत बोलावतो, दार लोटून घेतो, आणि त्या माणसाचे पुढचे वर्ष दोन मिनिटांत ठरते.

चांगले खेळतील ते २६ ठेवावेत आणि बाकीचे घरी पाठवावेत, इतके हे सोपे असते तर व्याख्यानाची गरजच नव्हती. ते तसे नाही. प्रत्येक संघापाशी याद्या दोन असतात. प्रत्यक्ष खेळणाऱ्या २६ जणांची एक, आणि संघाचा हक्क राखून ठेवलेल्या ४० जणांची दुसरी. या चाळिसांतल्या खेळाडूला खालच्या दर्जाच्या संघात पाठवता येते, पण ती मुभा साधारणपणे तीन हंगामांपुरतीच. तिला तिकडे 'ऑप्शन' म्हणतात. ते तीन हंगाम संपले की त्याला खाली पाठवण्यापूर्वी इतर सर्व संघांपुढे ठेवावे लागते आणि मागील वर्षी ज्याची कामगिरी खराब, त्या संघाला मागणीचा हक्क आधी मिळतो.

याचा परिणाम पाहा. समजा, एक जागा आहे आणि उमेदवार दोन. पहिला थोडा सरस आहे, पण त्याचे ऑप्शन शिल्लक आहे. दुसरा थोडा उणा, पण त्याचे संपले आहे. सरस खेळाडूला खाली पाठवले तर तो आपलाच राहतो. उण्याला पाठवले तर दुसरा संघ त्याला उचलून नेईल. मग पुष्कळदा उणाच ठेवला जातो आणि सरस खेळाडू सामान बांधतो. प्रेक्षक हळहळतात, वर्तमानपत्रे टीका करतात; पण हिशेबनीस म्हणतो, अशाने माझ्यापाशी दोघेही राहिले.

संघ मोडकळीला आलेला असेल आणि नव्याने उभारायचा असेल, तर हा हिशेब अधिकच कठोर होतो. अशा संघाला यंदा जिंकायचेच नसते. चार वर्षांनी जिंकायचे असते. तो तिशीचा नामवंत खेळाडू विकून विशीतली दोन-तीन पोरे घेतो. एखाद्या जुन्या खेळाडूला एका वर्षाच्या कराराने आणतो, तो चांगला खेळलाच तर जुलैअखेर श्रीमंत संघाला देऊन टाकतो. मार्चअखेर बलाढ्य संघांनी कोणाला वगळले याची यादी तो डोळ्यांत तेल घालून वाचतो. आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचे तर घरात उपासमार असली तरी बियाण्याच्या कणगीला तो हात लावत नाही. ही नीती शहाणपणाची आहे यात शंका नाही. मात्र ज्वारीचे दाणे आणि हाडामांसाची माणसे यांत एक फरक आहे. त्या फरकाबद्दल आज आम्हांला बोलायचे आहे.

दाखला पिट्सबर्ग शहराच्या पायरेट्स या संघाचा घेऊ. १९५०च्या नोव्हेंबरात ब्रँच रिकी या पुरुषाने त्या संघाची सूत्रे हाती घेतली. जॅकी रॉबिन्सन या निग्रो खेळाडूला १९४७ साली वरच्या दर्जाच्या मैदानात उतरवून पन्नासहून अधिक वर्षांची वर्णबंदी ज्याने मोडली, तोच हा रिकी. त्याने पिट्सबर्गमध्ये जुने मोडून तरुणांची पेरणी आरंभली. १९५२ साली हा संघ ४२ सामने जिंकला आणि ११२ हरला! १९५२ ते १९५५ अशी सलग चार वर्षे तो तळाशी राहिला.

या दुर्दशेत एक माणूस तळपत होता. राल्फ काइनर त्याचे नाव. चेंडू कुंपणापलीकडे टोलवण्यात तो १९४६ ते १९५२ अशी ओळीने सात वर्षे आपल्या लीगमध्ये पहिला किंवा बरोबरीने पहिला होता. त्याची शेवटची फलंदाजी झाली की सामना संपायची वाट न पाहता लोक उठून घरी जात, असे सांगतात. रिकीने काय करावे? तुम्ही असतानाही आपण शेवटचेच आलो, तुमच्यावाचूनही तेथेच राहू शकू, अशा आशयाचा टोला त्याने काइनरला लगावल्याची कथा तिकडे प्रसिद्ध आहे. ४ जून १९५३ रोजी दहा खेळाडूंची अदलाबदल झाली. काइनर शिकागोला गेला, पिट्सबर्गला सहा खेळाडू आणि दीड लाख डॉलर मिळाले.

आता दुसऱ्या बाजूची जमा पाहा. १९५२च्या डिसेंबरात रिकीने एल्रॉय फेस हा बुटका पिचर, म्हणजे गोलंदाज, ब्रुकलिनच्या खालच्या संघातून उचलला. दुसऱ्या संघाने राखून न ठेवलेला खेळाडू ठरावीक किमतीत उचलण्याची एक वार्षिक निवड असते, तीतून. दोन वर्षांनी, २२ नोव्हेंबर १९५४ रोजी, त्याच निवडीत पहिला मान पिट्सबर्गचा होता. कारण उघड आहे. शेवटचा आलेला संघ तोच. ब्रुकलिनने पोर्तो रिकोच्या एका वीस वर्षांच्या मुलाला दहा हजार डॉलर देऊन करारबद्ध केले होते आणि माँट्रियलच्या दुय्यम संघात ठेवले होते. नियमानुसार त्याला या निवडीपासून वाचवता येत नव्हते. पिट्सबर्गने चार हजार डॉलर भरले आणि त्याला घेतले. त्या मुलाचे नाव रोबेर्तो क्लेमेंते.

बॉब फ्रेंड नावाचा पिचर १९५१ पासून हरता हरता शिकत होता. १९५५ साली शेवटच्या क्रमांकाच्या संघात राहूनही आपल्या लीगमध्ये सरासरीने सर्वांत कमी धावा देणारा तोच ठरला. १९५४ साली बिल मॅझरॉस्की हा सतरा वर्षांचा पोरगा करारबद्ध झाला. १९५५ संपताना रिकीने व्यवस्थापकपद सोडले. जो ब्राऊन त्या जागी आला आणि त्याने जुन्याजाणत्या खेळाडूंची भर घातली. मग १९६० उजाडले. अंतिम झुंजीतील सात सामन्यांत न्यूयॉर्कच्या यँकीज संघाने ५५ धावा केल्या आणि पिट्सबर्गने अवघ्या २७, तरी चार सामने जिंकले पिट्सबर्गने! १३ ऑक्टोबर १९६० रोजी सातव्या सामन्याच्या नवव्या डावात धावसंख्या ९-९ असताना मॅझरॉस्कीने चेंडू कुंपणापलीकडे टोलवला. क्लेमेंतेने सातही सामन्यांत टोले मारले होते, फेसने तीन विजय राखले होते. पेरलेले उगवले होते.

कथा येथे संपवली तर टाळ्या मिळतील. पण त्या दिवशी काइनर कोठे होता? पाठदुखीने त्याला १९५५ साली, तेहतिसाव्या वर्षी, खेळ सोडावा लागला. मानाच्या दालनात त्याचे नाव लागले ते १९७५ साली. परंतु अंतिम झुंजीचा एकही सामना त्याला कधी खेळायला मिळाला नाही. आणि त्याच्या बदल्यात आलेल्या सहा खेळाडूंपैकी १९६०च्या विजयी संघात एकही नव्हता. संघाला थांबता आले, कारण संघाचे आयुष्य शंभर वर्षांचे. काइनरला थांबता येणार नव्हते, कारण त्याची पाठ दहा वर्षांची.

बियाणे राखले की पीक येतेच असेही नाही. याच पिट्सबर्गने १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षे जिंकल्यापेक्षा अधिक सामने हरले. त्या काळात प्रत्येक वसंतात नव्या पोरांची नावे पुढे येत आणि लोकांना धीर धरायला सांगण्यात येई. त्यातच २००८ साली या संघाने आपल्या देशातले दोन तरुण करारबद्ध केले, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघेही उत्तर प्रदेशातले, भालाफेकीत तयार झालेले. चेंडू जोराने फेकण्याच्या स्पर्धेतून पुढे आलेले. खालच्या दर्जाच्या संघांत ते खेळले. त्या २६ जणांत मात्र कोणीच पोहोचला नाही.

जिन्याच्या त्या खालच्या पायरीवर काय मिळते तेही ऐका. २०२३ साली वरच्या दर्जाच्या खेळाडूचे किमान वार्षिक वेतन ७,२०,००० डॉलर होते. त्याच्या एकच पायरी खाली खेळणाऱ्या, चाळिसांच्या यादीबाहेरच्या खेळाडूचे होते ३५,८००. आणि तेही खालच्या खेळाडूंनी २०२२ मध्ये संघटना केली म्हणून. तोवर १७,५०० होते. म्हणजे सव्विसाव्या आणि सत्ताविसाव्या माणसात कौशल्याचे अंतर बोटभर असेल, वेतनाचे मात्र वीस पटींचे.

आता दुसरा दाखला, शिकागोच्या कब्ज संघाचा. २०१२ साली हा संघ १०१ सामने हरला होता आणि उभारणी चालू होती. २०१५च्या वसंतातल्या सराव-सामन्यांत क्रिस ब्रायंट या तरुणाने नऊ होम रन मारले. इतके कोणीच मारले नव्हते. तरी ३० मार्चला त्याला खाली पाठवले. क्षेत्ररक्षण सुधारायला हवे, असे कारण दिले. हंगाम ५ एप्रिलला सुरू झाला आणि १७ एप्रिलला त्याला वर बोलावले.

या बारा दिवसांचे रहस्य नियमात आहे. खेळाडूची सहा वर्षांची सेवा भरली की तो हवा त्या संघात जाण्यास मोकळा होतो. आणि हंगामात १७२ दिवस यादीत राहिल्यास एक वर्ष भरते. ब्रायंटचे त्या वर्षी भरले १७१. एका दिवसाने संघाला त्याच्यावर आणखी एका वर्षाचा हक्क मिळाला. त्याने दाद मागितली; २०२० साली निर्णय त्याच्या विरुद्ध गेला. नियम मोडलेला नव्हता. पुढच्याच वर्षी, २०१६ साली, कब्ज संघाने १०८ वर्षांनी अजिंक्यपद मिळवले आणि ब्रायंट लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२१च्या जुलैत, त्या मोकळीकीस तीन महिने उरले असताना, संघाने त्यालाही दुसरीकडे देऊन टाकले.

श्रोतेहो, आम्ही संघमालकांना खलपुरुष ठरवायला उभे नाही. रिकीने काइनरला कवटाळून ठेवले असते तर १९५३ सालीही संघ हरलाच असता. ज्याला उद्याचा विचार करायचा आहे त्याला आज कोणाला तरी दुखवावे लागते. आमचे म्हणणे इतकेच की, त्या दुखण्याची किंमत कोण भरतो ते जमाखर्चात लिहिले जावे. दाण्याला भूक लागत नाही; माणसाला लागते. संस्थेचा धीर हा बहुधा दुसऱ्याच्या आयुष्यातून उसना घेतलेला असतो. उसने घेतले असेल तर तसे तोंडाने कबूल करावे आणि जमेल तितके फेडावे.

आणि फेडता येते. २०२२च्या करारात असा नियम झाला की, नवोदितांच्या पुरस्कारासाठी झालेल्या मतदानात जो पहिला किंवा दुसरा येईल त्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळेल, मग त्याला कितीही उशिरा वर आणलेले असो. होतकरू खेळाडूला पहिल्या दिवसापासून खेळवणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून निवडीची जादा संधीही मिळू लागली. ब्रायंटला याचा उपयोग झाला नाही. त्याच्यामागून येणाऱ्यांना झाला. उभारणी चालूच राहिली, फक्त तिच्या खर्चाचा थोडा भाग संघाच्या खात्यावर आला.

आपल्यापैकी जे निवडीच्या खुर्चीवर बसतात त्यांना आमची विनंती एवढीच. यादी करताना उद्याचा विचार जरूर करा. पण खोलीत बोलावलेल्या माणसाला खरे कारण सांगा. 'तुझे क्षेत्ररक्षण कच्चे आहे' असे सांगून त्याचे वर्ष घेऊ नका. 'आम्हांला तुझे एक वर्ष हवे आहे' असे त्याच्या डोळ्याला डोळा देऊन सांगता येत नसेल, तर ते वर्ष घेण्याचा आपला अधिकार तपासून पाहा.