बायोफीडबॅक : उपचार समजून घेताना, उपचारक निवडताना

(संस्थेच्या वार्षिक सभेनिमित्त दिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा संपादित भाग)



वार्षिक सभेत अहवाल व हिशेब यांच्या जोडीला आरोग्यप्रबोधनासाठी थोडा वेळ राखून ठेवावा, ही आपल्या संस्थेची प्रथा खरोखर स्तुत्य आहे. आज मी बायोफीडबॅक या उपचारपद्धतीविषयी बोलणार आहे. हे नाव अलीकडे जाहिरातींतून वारंवार कानी पडते आणि त्यासंबंधी रुग्णांच्या मनात आशा व संभ्रम दोन्ही आढळतात.

प्रथम मूळ कल्पना पाहू. मनावर ताण आला की त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हाताची बोटे गार पडतात. कपाळाचे व मानेचे स्नायू आवळले जातात, तळहाताला घाम येतो, हृदयाची गती वाढते. हे बदल एरवी आपल्या ध्यानात येत नाहीत. बायोफीडबॅकमध्ये त्वचेवर संवेदक लावून हे बदल मोजतात आणि पडद्यावरील रेषा किंवा ध्वनी यांच्या रूपाने त्याच क्षणी रुग्णाला दाखवितात. दीर्घ श्वसन वा स्नायू सैल सोडण्याचा प्रयत्न केल्यावर रेषा खाली येते, हे रुग्ण स्वतः पाहतो. सरावाने ते कौशल्य अंगवळणी पडते आणि पुढे यंत्राची गरज उरत नाही. येथे यंत्राचे काम आरशासारखे आहे. ते केवळ मोजते. शरीरात वीज सोडीत नाही. काही ठिकाणी याच्या जोडीला विद्युत उत्तेजनाचे वेगळे उपकरण वापरतात. ज्यांना पेसमेकर बसविला आहे, त्यांनी अशा वेळी ते आधी अवश्य सांगावे.

बायोफीडबॅक हे नाव 1969 साली अमेरिकेत रूढ झाले. मात्र योगक्रियांचे शारीरिक परिणाम उपकरणांनी मोजण्याचे कार्य स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास स्थापन केलेल्या कैवल्यधामात त्यापूर्वीच सुरू होते, याचा आपणा महाराष्ट्रीयांस सार्थ अभिमान वाटावा. पुढे 1973 साली डॉ. चंद्रा पटेल यांनी इंग्लंडमध्ये उच्च रक्तदाबाच्या 20 रुग्णांना योगातील शिथिलीकरण व बायोफीडबॅक शिकवून त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांपैकी 5 जणांची औषधे थांबविता आली, 7 जणांची कमी झाली, 4 जणांचा रक्तदाब अधिक नियंत्रणात आला आणि 4 जणांना गुण आला नाही. औषधांतील हे बदल डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले होते, ही गोष्ट विसरता कामा नये. पुढील संशोधनात सर्वत्र इतका लाभ दिसला नाही. म्हणूनच आजही रक्तदाबात या पद्धतीचे स्थान पूरक आहे. यंत्रावरची रेषा समाधानकारक दिसली म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे म्हणजे पक्षाघाताला निमंत्रण देणे होय.

मग उपयोग कोठे होतो? अर्धशिशी, ताणामुळे होणारी डोकेदुखी, लघवीवरील नियंत्रण सुटणे आणि शौचाच्या वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल न पडल्याने होणारी बद्धकोष्ठता या तक्रारींत लाभाचा पुरावा चांगला आहे. शेवटच्या दोन तक्रारींविषयी आपल्या भगिनी संकोचापायी वर्षानुवर्षे बोलत नाहीत, म्हणून त्यांचा उल्लेख मुद्दाम करतो. मुलांच्या अवधान-दोषासाठी मेंदूच्या लहरींवर आधारित न्यूरोफीडबॅक दिला जातो. त्याच्या उपयुक्ततेबद्दल मात्र तज्ज्ञांत मतभेद आहेत.

आता उपचारकाच्या निवडीकडे वळू. बायोफीडबॅक यंत्र विकत घेणे सोपे आहे, आणि ते जवळ आहे एवढ्याने कोणी उपचारक होत नाही. म्हणून पुढील क्रम ध्यानी ठेवावा.

पहिले, आधी निदान करून घ्यावे. अचानक उद्भवलेली असह्य डोकेदुखी, सोबत ताप, बोलण्यात अडखळणे, दृष्टिदोष किंवा हातापायांत दुर्बलता असल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

दुसरे, उपचारकाची मूळ पात्रता विचारावी. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी पाहावी. डॉक्टर वा फिजिओथेरपिस्ट असल्यास त्यांच्या व्यवसायाची नोंदणी पाहावी. 1981 साली स्थापन झालेली एक आंतरराष्ट्रीय प्रमाणन संस्था, बीसीआयए, सामान्य बायोफीडबॅक, न्यूरोफीडबॅक आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू यांसाठी वेगवेगळी प्रमाणपत्रे देते. ती ऐच्छिक आहेत. व्यवसायाच्या परवान्याची जागा ती घेऊ शकत नाहीत.

तिसरे, प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. माझ्या तक्रारीचे किती रुग्ण आपण हाताळले? नेमके काय मोजणार? सत्रे किती व खर्च किती? प्रगती कशी ठरविणार? डोकेदुखीसाठी साधारणतः आठ ते बारा सत्रे लागतात आणि घरी नित्य सराव करावा लागतो. डोकेदुखीची रोजनिशी ठेवावी. निम्मी सत्रे झाल्यावरही तीत फरक दिसत नसेल, तर पुढील पैसे भरण्यापूर्वी फेरविचार करावा.

चौथे, जो उपचारक सर्व रोग बरे होण्याची हमी देतो, चालू औषधे सोडावयास सांगतो, वा हातात यंत्र धरवून शरीरातील यच्चयावत व्याधी ओळखल्याचे सांगतो, त्याच्यापासून दूर राहावे. असे निदान बायोफीडबॅकमध्ये बसत नाही.

या शास्त्राच्या इतिहासात एक उद्बोधक प्रसंग आहे. नील मिलर या नामवंत शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांमुळे या क्षेत्राला मोठी चालना मिळाली. पुढे तेच निष्कर्ष पुन्हा मिळेनात, तेव्हा त्यांनी स्वतःच ते जाहीर केले. आपल्या उपचाराच्या मर्यादा आपणहून सांगणारा उपचारक भेटला, तर त्याच्यावर निःशंक विश्वास ठेवावा.

धर्मादाय रुग्णालयात येणाऱ्या कुटुंबाचा प्रत्येक रुपया कष्टाचा असतो. तो योग्य उपचारावर खर्च व्हावा, एवढ्याच हेतूने हे विवेचन केले.