बाहुलीचा पॅटर्न : हौस की मजुरी?



लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणाऱ्या वाटेवर तुंगार्ली आहे. पावसाळ्यात येथे धुके आणि मुसळधार सरी माणसाला घराबाहेर पडू देत नाहीत. अशा दिवसांत क्रोशाची सुई घेऊन बसलेल्या गृहिणीचे कोणालाच नवल वाटणार नाही. मात्र तिच्या हातातली बाहुली दूरच्या एखाद्या पॅटर्नकर्तीसाठी ‘चाचणी’ म्हणून विणली जात असेल, तर तेथे श्रमाचा एक प्रश्न उभा राहतो.

हा व्यवहार असा आहे. विकली जाते ती बाहुली नव्हे, तर बाहुली कशी विणावी याच्या लेखी सूचना. एकदा तयार झालेल्या सूचना कितीही वेळा विकता येतात; म्हणूनच त्यांत चूक राहून चालत नाही. बाहुलीचे डोके बहुधा सहा मुक्या खांबांच्या वर्तुळापासून सुरू होते आणि दर फेरीत सहा टाके वाढत १२, १८, २४, ३० असा हिशेब चालतो. एका फेरीत ३० ऐवजी २८ लिहिले गेले की पुढचा सारा हिशेब चुकतो. अमेरिकेत ज्या टाक्याला ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात, त्यालाच इंग्लंडमध्ये ‘डबल क्रोशे’ म्हणतात. कोणती परिभाषा वापरली हे न सांगितल्यास सबंध बाहुलीचे माप बिघडते.

या चुका पकडण्यासाठी विक्रीपूर्वी पॅटर्न काही कुशल हातांकडून विणून घेतला जातो. चाचणी करणारी टाके मोजते, चूक दिसली की उसवते, पुन्हा विणते. लोकर किती लागली आणि तास किती गेले याची नोंद करते. ठरल्या मुदतीत छायाचित्रे पाठविते. लोकर आणि आत भरायचा कापूस बहुधा तिच्याच पैशाने येतो. मोबदला काय? पुष्कळदा दुरुस्त पॅटर्नची एक प्रत. म्हणजे जी बाहुली तिने विणून संपविली, तीच कशी विणावी याच्या सूचना!

यावर ठरलेले उत्तर असे की, तिला आवड आहे आणि फावला वेळही आहे. हे उत्तर नवे नाही. आंध्र प्रदेशातील नरसापूर येथे क्रोशाची लेस विणणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी केला व तो १९८२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. लेस परदेशी जात होती, नफा व्यापाऱ्यांना मिळत होता. विणणाऱ्या स्त्रिया मात्र ‘घरी बसलेल्या गृहिणी’ म्हणूनच गणल्या जात होत्या. श्रमाला एकदा फुरसत म्हटले की मजुरीचा प्रश्नच मिटतो. वस्तुतः १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीला कामगार मानले होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरकामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याला अद्याप अनुमोदन दिलेले नाही.

अर्थात पॅटर्नकर्ती ही काही गिरणीमालक नव्हे. तीही बहुधा घरूनच काम करते. ‘एट्सी’ या बाजारपेठेने २०२२ साली विक्रीवरील आपला वाटा ५ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला, तेव्हा अनेक लहान विक्रेत्यांनी आठवडाभर दुकाने बंद ठेवून निषेध केला. तरीही तो वाटा किंमतीत धरावाच लागतो, कारण तो चुकविता येत नाही. चाचणीचा खर्च किंमतीत धरला जात नाही, कारण तो कोणी मागत नाही. अन्यायाचे मूळ एका व्यक्तीच्या दुष्टपणात नसून या हिशेबात आहे.

परस्पर साहाय्याला येथे विरोध नाही. भातलावणीला शेजारी सावडीने एकमेकांच्या खाचरात उतरतात, तेव्हा मजुरीचा प्रश्न येत नाही. कारण आजचे श्रम उद्या फेडले जातात. दोन विणकर स्त्रियांनी एकमेकींचे पॅटर्न तपासले तर ती सावडच होय. परंतु एकीने सतत तपासावे आणि दुसरीने सतत विकावे, हिला सावड म्हणता येणार नाही. फेड नसलेल्या सावडीचे नाव वेठ आहे.

तेव्हा मागणी साधी असावी : लोकरीचा खर्च द्यावा, कामाचा दर आधी ठरवावा, पॅटर्नवर चाचणी करणारीचे नाव छापावे. यामुळे पॅटर्न थोडा महागेल. महागू द्या, आज तो स्वस्त आहे तो कोणाच्या तरी न दिलेल्या मजुरीमुळे.

हिशेब नव्याने मांडण्याचीही गरज नाही. चाचणीच्या वहीत तास आधीच लिहिलेले आहेत. आजवर ते ग्राहकाच्या माहितीसाठी लिहिले गेले. यापुढे त्याच आकड्यांसमोर मजुरीचा रकाना आखावा.