हिशेब आणि समाधान



चार पुरुषार्थांची मांडणी करताना आपल्या पूर्वजांनी अर्थाला त्याज्य मानले नाही. त्याला धर्माच्या पाठोपाठ स्थान दिले. या क्रमातच मर्म आहे. अर्थावाचून संसार चालत नाही आणि धर्माचे नियंत्रण सुटले की तोच अर्थ संसार गिळतो.

आज मध्यमवर्गीय घरात मिळकत वाढली. निश्चिंतता वाढली काय? ३० लाखांचे गृहकर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २६ हजार रुपये होतो आणि एकूण परतफेड ६२ लाखांवर जाते. घर ही निदान गरज तरी आहे. क्रेडिट कार्डावरील थकबाकीला दरमहा ३ टक्के व्याज लागले, तर चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या पुढे जाते. शेजाऱ्याच्या बरोबरीसाठी केलेल्या खरेदीची ही किंमत! त्याहून जड असते ती लपवाछपवी. थकलेला हप्ता पत्नीपासून दडवणाऱ्या गृहस्थाला पंचपक्वान्नेही गोड लागत नाहीत आणि वडील का चिडतात, हे मुलांना उमगत नाही.

देहूच्या तुकोबांच्या घरी महाजनकी होती. पुढे त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याआधीची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. परंपरा सांगते की, त्यांनी प्रथम खतांची वाटणी केली, धाकटे बंधू कान्होबा यांचा हिस्सा त्यांच्या हाती दिला आणि केवळ आपला हिस्सा नदीला अर्पण केला. वैराग्याच्या त्या क्षणीही दुसऱ्याच्या संसाराचा हिशेब चुकला नाही. त्याग करण्याचा अधिकार आपल्या वाट्यापुरताच असतो.

गृहस्थाश्रमी माणसाने यातून एवढे घ्यावे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरे. पण अंथरूण केवढे आहे, हे घरात सर्वांना ठाऊक हवे. महिन्यातून एकदा पती-पत्नींनी आणि जाणत्या मुलांनी वही उघडून एकत्र बसावे. सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढी गंगाजळी हळूहळू उभी करावी. महागडे कर्ज आधी फेडावे. समाजासाठीचा वाटा, लहान का असेना, पहिल्या तारखेलाच बाजूला काढावा.

ज्या घरात वही उघडी असते, तेथे मने मोकळी राहतात. रात्रीची शांत झोप हेच त्या घराचे खरे व्याज होय.