भंगारात घालण्याआधी

जुनी अवजारं जपायच्या आमच्या कामात काही नव्या बाया येऊ म्हणताहेत. या की! पैसे नकोत, हात हवेत.

गेल्या साली आम्ही एक लोखंडी नांगर भंगारवाल्याच्या गाडीवरून उतरवून घेतला. किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर १९०३ सालचा. लोखंडानं जमीन नासते म्हणून तेव्हा शेतकरी तो घेईनात. आता किलोवर जातो. पण आम्ही हौसेनं त्याला ऑइलपेंट फासला आणि त्यावरची अक्षरंच बुजली. तेव्हा रंगाचा डबा आधी लांब ठेवा. गंज डिझेलच्या फडक्यानं भिजवा, मग हळूहळू घासा. लाकडाला जवसाचं तेल.

तिफणीचं मात्र वेगळं आहे. चाडं, तीन नळे, फण सगळं सापडलं. पण चाड्यावर मूठ धरणाऱ्या आपल्या आज्या-सासवा. तिन्ही नळ्यांत बी सारखं पडेल अशी मूठ सोडणं आमच्या गटात एकाच आजींना येतं. त्या आता थकल्यात. ते शिकायला कुणीतरी हवंच.

गुरुवारी दुपारी समाजमंदिरात या. येताना ओटीत थोडी ज्वारी आणा, मूठ धरून बघायला.