शिक्षिकेच्या घरातील जिम्नॅस्ट
(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवात मुख्याध्यापिकेने शाळेच्या वाटचालीविषयी बोलावे अशी रीत आहे. ते काम आत्ताच वाचलेल्या अहवालाने केले आहे. त्यामुळे निराळ्या विषयावर बोलण्याची मुभा मी समितीकडून मागून घेतली. पालकसभा संपल्यावर कोणी ना कोणी मागे थांबते आणि विचारते, "बाई, तुमची मुलगी जिम्नॅस्टिक्स करते, मग अभ्यासाचे कसे जमवता?" विचारणाऱ्याच्या मनात स्वतःचे मूल असते, हे मला कळते. म्हणून आज जरा सविस्तर उत्तर देते.

आपल्याकडे या वाटेवरचे पहिले पाऊल बहुधा मल्लखांबावर पडते. बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात ज्याचा उल्लेख येतो, त्या विद्येला दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी नवे रूप दिले. 1818 नंतर बाजीराव बिठूरला गेला आणि त्याच्याबरोबर ही विद्याही गंगेकाठी पोहोचली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिची प्रात्यक्षिके केली. आणि 2013 साली मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्यक्रीडेचा दर्जा दिला. असा मान देणारे पहिले राज्य आपले, महाराष्ट्र नव्हे, याची मला अजून गंमत वाटते! माझी मुलगीही आधी खांबावरच चढली. एरंडेलाचे डाग आणि त्याचा वास कपड्यांतून जात नाही, हे ज्ञान मला तेव्हा झाले. पुढे तिला जिम्नॅस्टिक्सची ओढ लागली आणि पाटन ते जबलपूर हा तीसेक किलोमीटरचा रस्ता आमच्या घराचा भाग झाला.

त्या रस्त्याने आमची दिनचर्या ठरवली. शाळा सुटली की बस, बसमध्ये डबा, डब्यानंतर पाठांतर. इतिहास आणि संस्कृत बसमध्ये जमते. भूमितीला टेबलच लागते. घरी परतेपर्यंत दोघींचेही हात पांढरे असतात, माझे फळ्यावरच्या खडूने, तिचे मॅग्नेशियम कार्बोनेटच्या पुडीने. तिच्या तळव्यांची सालटी निघतात, एवढाच काय तो फरक. ती आपल्याच शाळेत शिकते, म्हणून एक पथ्य मी पहिल्या दिवसापासून पाळले. तिच्या रजेचा अर्ज माझ्या टेबलावर येत नाही, तो पर्यवेक्षिकांकडे जातो. त्यांनी दोनदा तो नाकारला आहे. घरी त्यावर चर्चा झाली नाही.

सरावगृहात मी भिंतीला लागून बसते. शिक्षिकेला न शिकवता बसणे किती अवघड, ते माझ्या सहकारी भगिनींना सांगायला नको. बीम फक्त दहा सेंटिमीटर रुंद, पाच मीटर लांब आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच असतो. त्यावर आपले मूल मागे कोलांटी घेत असताना जिभेवर आलेली सूचना गिळावी लागते. पण गप्प बसल्यामुळेच मला तिथली गुणपद्धती नीट पाहता आली, आणि परीक्षक म्हणून मी तिच्याकडून बरेच घेतले.

1976 साली माँट्रिअलला चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीला दहापैकी दहा गुण मिळाले, हे माझ्या पिढीला पाठ आहे. ती पद्धत 2006 साली बदलली. आता दोन आकडे असतात. पहिला काठिण्याचा, म्हणजे तुम्ही कोणते अवघड काम अंगावर घेतले याचा. दुसरा सादरीकरणाचा, तो दहापासून सुरू होऊन चुकांगणिक उतरतो, पडलात तर एक पूर्ण गुण जातो. दोहोंची बेरीज होते. 2016 साली रिओमध्ये अगरतळ्याच्या दीपा कर्माकरने प्रोदुनोव्हा ही अतिशय धोक्याची उडी मारली. उतरताना तिचा तोल पूर्ण सावरला नाही, तरी काठिण्याचे 7.000 आणि सादरीकरणाचे 8.266 गुण तिला मिळाले. दोन उड्यांची सरासरी 15.066 आली आणि कांस्यपदक 0.150 ने हुकले. आमच्या उत्तरपत्रिकांत काठिण्याचा रकाना नसतो. सोपा निबंध बिनचूक लिहिणारा आणि अवघड विषयाला हात घालून अडखळणारा, यांत पहिलाच पुढे जातो. मराठीच्या निबंधापुरता मी हा रकाना आमच्या शाळेत सुरू केला आहे. काही शिक्षकांना तो अजून पटलेला नाही.

अभ्यासाचे काय, या प्रश्नाला हीच दीपा उपयोगी पडते. तिचे तळपाय सपाट होते. वडील भारोत्तोलनाचे प्रशिक्षक, तर प्रशिक्षक नंदी सरांनी तिला लहानपणापासून घडवले. रिओहून परतल्यावर काही दिवसांतच ती एम.ए.च्या परीक्षेला बसली. 2024 साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, तिने ताश्कंदला आशियाई सुवर्ण मिळवले आणि त्याच वर्षी निवृत्ती घेतली. पण प्रत्येक मूल दीपा होत नाही. बहुतेकांचा खेळ सोळा-सतराव्या वर्षी सुटतो, शरीर बदलते, गुडघा बोलू लागतो. तेव्हा हाताशी वाचनाची सवय असावी, एवढ्यासाठी मी बसमधला अभ्यास सोडत नाही.

आता जे बोलायचे आहे ते थोडे जड आहे. शाळा आणि सरावगृह, दोन्ही ठिकाणी आपण मुलांना सांगितलेले ऐकायला शिकवतो. या सवयीचा गैरफायदा घेणारी माणसे असतात. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर वर्षानुवर्षे मुलींवर अत्याचार करीत राहिला. 2018 च्या जानेवारीत शिक्षेच्या सुनावणीत दीडशेहून अधिक जणी न्यायालयात बोलल्या. काही पालक तपासणीच्या खोलीतच बसलेले असायचे. पुढे 2021 साली टोकियोत सिमोन बाइल्सला हवेत आपले शरीर कुठे आहे याचे भान राहीना, तेव्हा तिने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. जगभरातून टीका झाली. मी त्या संध्याकाळी मुलीला ती बातमी मुद्दाम वाचायला दिली.

आमच्या घरी तेव्हापासून एक बोलणे ठरले आहे. "आज नको" असे ती म्हणाली, तर त्या दिवशी कारण विचारायचे नाही. दुसऱ्या दिवशी मात्र विचारायचे, आणि पूर्ण ऐकून घ्यायचे. वजनकाटा घरात नाही. प्रशिक्षक, फिजिओ, डॉक्टर, कोणीही असो, तपासणीचे दार उघडे राहते. दाराबाहेर बसण्याने काही प्रशिक्षक नाराज होतात. होऊ द्यावे. 2012 चा पॉक्सो कायदा शाळेला जसा लागू आहे तसा सरावगृहालाही, हे त्यांना शांतपणे सांगावे.

पालकहो, आपल्या शाळेतली खेळाडू मुले दरवर्षी बरेच दिवस बाहेर असतात आणि त्यांचे पाठ राहतात. येत्या सत्रापासून शनिवारी दुपारी दोन तास हे राहिलेले पाठ घेण्याचे आमच्या सहा शिक्षकांनी आपणहून मान्य केले आहे. भूमिती मी घेणार नाही, मराठी घेईन. नावे या आठवड्यात कार्यालयात नोंदवावीत.